नवी गोळी सुरू झाली, जुनी कोणती बंद?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला, "आरोग्यावर बोल, वीस मिनिटं, पण घाबरवू नकोस." मी विचारलं, योगासनांवर बोलू की मधुमेहावर? पलीकडून उत्तर आलं, "तुला जे येतं त्यावर बोल." मला एकच गोष्ट येते. पस्तीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. आजारी पडू नये म्हणून काय करावं हे सांगणारे व्हॉट्सॲपवर रोज पहाटे पाच वाजता हजर असतात. आजारी पडून हॉस्पिटलात गेल्यावर काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. आपण सगळे आता साठीला आलो. घरात पंच्याऐंशीचे आईवडील, मुलं पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला. पुढच्या दहा वर्षांत आपल्यातल्या प्रत्येकाला दोनतीनदा तरी हॉस्पिटलची पायरी चढायची आहे, कधी पेशंट म्हणून, कधी सोबतीला.

सुरुवात माझ्या घरातल्या चुकीपासून करते.

माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे होते. छातीत कफ झाला म्हणून आपल्याच भागातल्या एका हॉस्पिटलात पाच दिवस ॲडमिट होते. मी तेव्हा ड्यूटीवर, त्यामुळे दाखल करायला वहिनी गेली होती. तिथे विचारलं, "बाबा कोणती औषधं घेतात?" ती म्हणाली, "बीपीची एक गोळी आहे, पांढरी." डॉक्टरांनी आपल्या पद्धतीने बीपीची गोळी सुरू केली. बाबा बरे झाले, घरी आले. डिस्चार्ज कार्डावर पाच औषधं लिहिलेली होती, ती मेडिकलमधून आणली. बाबा शिस्तीचे. डॉक्टरांनी दिलेल्या पाच गोळ्या ते घ्यायचे आणि नेहमीच्या डब्यातल्या आपल्या दोनही घ्यायचे. डब्यातली पांढरी गोळी आणि कार्डावरची नवी गोळी, दोन्हींची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पाकिटांचे रंग वेगळे. आतलं औषध एकच होतं, टेल्मिसार्टन. आजारपणाने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, त्यात बीपीची गोळी दुप्पट. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे बाथरूमला जायला उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दारातच पडले. ॲम्ब्युलन्समध्ये बीपी मोजलं तर वरचं ८४. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, पण त्यानंतर बाबा वॉकरशिवाय चालले नाहीत. दर दिवाळीला पहाटे फडके रोडला जायचा त्यांचा नेम होता, तो तिथेच सुटला. दीड वर्षाने ते गेले.

मी तीन वेळा ते डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं होतं. मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधांचे तक्ते भरले. कार्डावर काय सुरू केलं ते लिहिलं होतं, काय बंद करायचं ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. त्यामुळे आज मी हॉस्पिटलला नावं ठेवायला उभी नाही. दाखल करताना आम्ही अर्धी माहिती दिली, सोडताना त्यांनी अर्धी माहिती दिली.

वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की पेशंटला सगळ्यात जास्त धोका हातबदलाच्या वेळी असतो. घरातून हॉस्पिटलात, एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात, आयसीयूतून वॉर्डात, दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे, आणि शेवटी हॉस्पिटलातून घरी. दर वेळी थोडी माहिती सांडते. डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, मावशी बदलतात. पेशंटबरोबर शेवटपर्यंत राहणारं माणूस घरचंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, त्यातही रुग्णाच्या या हातबदलावर बोट ठेवलेलं आहे. म्हणजे हे फक्त डोंबिवलीचं दुखणं नाही.

तर पहिलं काम आज घरी गेल्यावर करा. औषधांचा डबा उलटा करा आणि प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा. मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं. त्याच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि किती मिलिग्रॅम ते असतं. ते खरं नाव कागदावर उतरवा. चष्म्याने वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करा. कोणती गोळी, किती वाजता, कशासाठी आणि कधीपासून, सगळं लिहा. थायरॉइडची गोळी, डोळ्यांत घालायचे थेंब, इन्सुलिन, वैद्यांकडचा काढा, होमिओपॅथीच्या पुड्या, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली गोळी, सगळं. "ते काय औषध थोडंच आहे" असं म्हणून बायका निम्मी यादी गाळतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पुरुष तर यादी बायकोला विचारा म्हणतात.

त्याच कागदावर ॲलर्जी लिहा. नुसतं "पेनिसिलिन चालत नाही" नको. काय झालं होतं ते लिहा: अंगावर पित्त उठलं, की श्वास कोंडला, की फक्त मळमळलं. डॉक्टरांच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयात स्टेंट असेल, पेसमेकर असेल, एक किडनी असेल, तर तेही वर ठळक.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते तोंडानेही सांगा, दोनदा सांगा. ऑपरेशनच्या आधी ती कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर यांनी ठरवायचं असतं. शेजारच्या काकांनी पाच दिवस थांबवली म्हणून आपणही थांबवायची नसते, कारण स्टेंट नवा असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्याही काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी काही दिवस बंद करायला सांगतात. भुलीच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा हा कागद त्यांच्यापुढे ठेवा.

आता पैशांचं. हे बोलायला लाज वाटते, आणि म्हणूनच रात्री दोन वाजता बिलिंग काउंटरवर रडायची वेळ येते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे पाच लाखांची पॉलिसी आहे. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा आहे का ते बघितलंय? जुन्या पॉलिस्यांमध्ये ती बरेचदा विम्याच्या रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. दाखल करताना आपण म्हणतो, आईला जरा स्वतंत्र खोली मिळू दे, वरचे तीन हजार आपण भरू. आणि ८,००० ची खोली घेतो. इथे गंमत अशी, की हॉस्पिटलात खोली वाढली की डॉक्टरांची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचे दर वाढतात. मग विमा कंपनी या खर्चांनाही तीच कात्री लावते: आठातले पाच हिस्से देणार. असा खर्च १,६०,००० झाला असेल तर मिळतील १ लाख आणि खिशातून जातील ६०,०००. आपण तर दिवसाला तीन हजारांचाच हिशेब केलेला असतो. ही कात्री औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांच्या खर्चाला लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. त्यामुळे कापलेलं बिल नीट वाचा.

त्याच नियामकाने मे २०२४ मध्ये सांगितलं, की कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्त आकारलं, तर तो खर्च विमा कंपनीचा. टीपीएच्या खिडकीवर हे शांतपणे सांगितलं तरी पुरतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल, मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, तर मंजुरी दाखल होण्याआधीच घेऊन ठेवा.

विमा नसेल तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी आहे असं अजून अनेकांना वाटतं. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची पाच लाख झाली. मात्र योजनेत असलेल्याच हॉस्पिटलात आणि यादीतल्याच उपचारांसाठी. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. तो दारापाशी टेबल टाकून बसलेला असतो आणि लोक त्याच्यासमोरून डिपॉझिट भरायला जातात. फोन १५५३८८. आणि हे दाखल होतानाच करायचं. निम्मं बिल भरून झाल्यावर योजना आठवली तर फार त्रास होतो.

धर्मादाय हॉस्पिटलांचीही सोय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तुम्हाला लागणार नाही कदाचित, पण घरी कामाला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनला लागेल. तहसीलदाराचा दाखला काढायला त्यांना आजच मदत करा.

छोट्या नर्सिंग होममध्ये गेलात तर भिंतीकडे बघा. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत बदल झाला, तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. औषधं आमच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही. तक्रार असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

दाखल झाल्यावर काय? इथे थोडं आम्हा सिस्टर लोकांच्या बाजूने बोलते. रात्रपाळीला मी एकटीने तीस पेशंट बघितलेत. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण पाच पेशंटमागे एक सिस्टर असं आहे. तीस पेशंटच्या वॉर्डात बेल वाजवली आणि सिस्टर पाच मिनिटांनी आली, तर ती चहा पीत नव्हती. तिच्यावर ओरडून तुमच्या पेशंटचं काही भलं होत नाही, कारण ओरडणाऱ्या नातेवाइकापासून माणूस चार पावलं लांबच राहतो. पण विचारायला घाबरूही नका. सलाईनमध्ये इंजेक्शन टाकायला कोणी आलं की म्हणा, "सिस्टर, हे कशाचं आहे?" चांगली सिस्टर चिडत नाही. ती पुन्हा एकदा केसपेपर बघते, आणि एखाद्या वेळी तेवढ्यानेच चूक टळते. तिने नाव विचारलं तर "अहो, सकाळीच सांगितलं ना" म्हणू नका. ती दर वेळी विचारते तेच बरोबर आहे. आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील आणि तीन जोशी सहज असतात.

घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलायचं आणि शंभर पानी वहीत लिहून ठेवायचं. सकाळी डॉक्टर राउंडला आले की मोठा मुलगा एक विचारतो, दुपारी जावई दुसरं विचारतो, रात्री अमेरिकेतली मुलगी व्हिडिओ कॉलवर आरएमओला तिसरं विचारते, आणि तिघं तीन गोष्टी ऐकून आपसांत भांडतात. वहीत रोज एक प्रश्न ठरलेला ठेवा: लघवीची नळी अजून लागते का? हातातली सुई अजून लागते का? गरज संपल्यावर राहिलेली नळी म्हणजे जंतूंना वाट. काढायला सगळे विसरतात, घालायला कोणी विसरत नाही.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. आपली डोंबिवली प्रेमळ. बिल्डिंगमधला माणूस ॲडमिट झाला की अख्खी विंग शहाळी घेऊन पोचते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या पेशंटला ते इतकं वाढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडावा. न विचारता काही भरवू नका. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, कॉटवर बसू नका. खरी मदत करायची असेल तर एक रात्र सोबतीला राहा. म्हातारी माणसं पडतात ती बहुधा रात्री, बाथरूमला जाताना, कारण "उगाच कोणाला उठवायचं" असं त्यांना वाटतं. माझे बाबा घरी पडले तेही तसेच. शेजारच्या खोलीत मी झोपले होते.

ऑपरेशनच्या संमतिपत्राबद्दल थोडक्यात. कोरा किंवा अर्धा भरलेला फॉर्म सही करू नका. कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, दुसरा पर्याय काय आणि न केल्यास काय होईल, एवढं विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय, की तपासणीसाठी दिलेली संमती ही ऑपरेशनसाठीची संमती होत नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. थिएटरमध्ये नेण्याआधी तुमचं नाव आणि बाजू पुन्हा विचारली तर बरं वाटू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ प्रश्नांची एक यादी केली, ती दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून पाहिली, तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. प्रश्न साधेच होते, नाव काय आणि बाजू कोणती असे.

आता अचानक ॲडमिट करायची वेळ आली तर. ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, आपल्याकडे पूर्व आणि पश्चिम ही दोन गावंच आहेत. मध्ये रेल्वे. रात्री छातीत दुखायला लागल्यावर कोपरच्या पुलावरून जायचं की ठाकुर्लीच्या, आणि हृदयाची सोय असलेलं हॉस्पिटल कोणत्या बाजूला, याचा विचार तेव्हा करायचा नसतो. आज करा. १०८ चा नंबर घरातल्या मोलकरणीलाही माहीत हवा. ॲम्ब्युलन्समधूनच हॉस्पिटलला फोन करून आयसीयूत जागा आहे का ते विचारा, नाहीतर तीन दारं हिंडण्यात तास जातो.

ऑगस्ट २०२३ मधली बातमी तुम्हाला आठवत असेल. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली. पाचशे खाटांचं हॉस्पिटल, सिव्हिलच्या जागी नव्या इमारतीचं काम सुरू असल्याने वाढलेला भार, आणि काही रुग्ण दुसरीकडून अगदी शेवटच्या अवस्थेत आलेले, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं होतं. जबाबदारी कोणाची, हा माझा आजचा विषय नाही. पण शेवटच्या अवस्थेत हलवलेला पेशंट कसा येतो, हे मी दारात उभं राहून पाहिलंय. हातात एक चिठ्ठी: "पुढील उपचारांसाठी". आधी काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, काही नाही. नवीन डॉक्टर शून्यापासून सुरू करतात. म्हणून छोट्या हॉस्पिटलात दाखल केल्या दिवशीच विचारा, "इथे काय होऊ शकत नाही? आणि कोणत्या टप्प्यावर तुम्ही हलवायला सांगाल?" प्रामाणिक डॉक्टर हे मोकळेपणाने सांगतात. आणि हलवताना औषधांचा तक्ता, रिपोर्ट, एक्स-रे यांचे मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय निघू नका. नंतरही केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे.

शेवटी डिस्चार्ज. बिल मंजूर व्हायला दोनतीन तास लागतातच. त्या वेळात सगळे टॅक्सी, लिफ्ट आणि घरी काय शिजवायचं याच्या मागे असतात. एकाने मात्र डिस्चार्ज कार्ड आणि घरची यादी समोरासमोर ठेवून आरएमओला किंवा सिस्टरला गाठायचं. एकेका गोळीवर बोट ठेवायचं. ही चालू? ही बंद? ही नवी, ती कोणत्या जुन्याऐवजी? किती दिवस? एखादा रिपोर्ट यायचा राहिलाय का? गाठीचा तुकडा तपासायला गेलेला असतो आणि पेशंट घरी जातो, मग तो रिपोर्ट कपाटात महिनाभर पडून राहतो, असं होतं. रात्री त्रास झाला तर फोन कोणाला, हेही लिहून घ्या. आणि घरी पोचल्यावर बंद झालेल्या गोळ्या त्याच दिवशी डब्यातून बाहेर काढा. "पुढे लागतील" म्हणून ठेवू नका. त्या वाया जातात म्हणून जीव तुटतो, माहीत आहे. आमच्याही डब्यात त्या राहिल्या होत्या.

बाई, शाळेत तुम्ही पाटीवर लिहिलेलं वहीत उतरवलंय की नाही ते बाकाबाकांवर फिरून बघायचात. मागच्या टेबलावर मी जाड कागदाची कार्डं ठेवली आहेत. एका बाजूला औषधं, दुसऱ्या बाजूला ॲलर्जी, ऑपरेशनं, रक्तगट आणि घरच्यांचे फोन. प्रत्येकाने दोन घ्या, एक स्वतःचं, एक आईचं किंवा वडिलांचं. ज्यांच्या खिशात आत्ता गोळ्यांचं पाकीट आहे, आणि ते निम्म्या वर्गाच्या खिशात आहे, त्यांनी चहाच्या आधीच भरायला घ्या. बारीक अक्षर वाचता आलं नाही तर माझ्याकडे या, मी भिंग आणलंय.